डबीतली शेड

घरात तिला सगळे रेडिओ म्हणायचे. नाव तसं ताजंच होतं. मागच्या वर्षापर्यंत ती इतकी गप्प असायची की बाबांच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की डिस्टेंपरच्या डब्यांमागे जाऊन बसायची, आणि ते गेलं की हळूच बाहेर यायची. मग यंदा वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी शाळेने ठरवलेली मुलगी तापाने आडवी झाली, बाईंनी हिला पाठीवर हात ठेवून स्टेजवर ढकललं, आणि हिने माईक हातात घेतला तो काही केल्या परत देईना. बक्षीस मिळालं ते मिळालंच, पण जिभेला चाकं फुटली ती कायमची. पोस्टमन, दूधवाला, मुख्याध्यापिका, कुणीही समोर आलं की हिचं सुरू. शेवटी आत्याने एक दिवस कानांवर हात ठेवले आणि विचारलं, "अगं, हिला बंद करायचं बटण कुठल्या बाजूला आहे?" तेव्हापासून रेडिओ.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. रेडिओच्याच शाळेची बस चालवायची. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची, आणि आवाज असा की बसला हॉर्न दिला नसता तरी चाललं असतं. बाबांच्या दोन्ही किडन्या हळूहळू थकत गेल्या, डायलिसिस सुरू झालं, आईची किडनी जुळेना, आणि आत्याची जुळली. डॉक्टरबाईंनी तिला सगळं नीट समजावून सांगायला खुर्ची पुढे ओढली, तर ही म्हणाली, "डावी घ्या, उजवी घ्या, पण शाळेच्या सुट्टीत घ्या. मला बदली ड्रायव्हर मिळत नाही."

त्याच सुट्टीत ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना बाबांना आधी काय दिसलं असेल, तर पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी. कितीतरी महिन्यांनी तिच्यात भराभर काहीतरी जमत होतं. त्यांनी डोळे किलकिले केले आणि पुटपुटले, "फिकट लिंबू." नर्सला वाटलं, पेशंटला सरबत हवंय. रेडिओला मात्र बरोबर कळलं. ते एका शेडचं नाव होतं.

हा त्या बापलेकीचा जुना खेळ. जगात जो रंग दिसेल त्याला शेड कार्डावर असतं तसं नाव द्यायचं. मुख्याध्यापिकांची छत्री म्हणजे 'वाळलेली शाई'. आत्याची बस म्हणजे 'रागावलेलं केळं'. बाबा रंग जुळवण्यात एक नंबर. कुणी भिंतीचा टवका घेऊन आलं की ते टवका खिडकीच्या उजेडात धरायचे, शेजारी पांढऱ्या रंगाची वाटी, आणि स्टेनरचा, म्हणजे दाट गडद रंगाचा, एकेक थेंब टाकत जायचे. दुकानात रंग मोजणारं मशीन आलं तरी त्यांचा पहिला भरवसा डोळ्यांवरच. मशीन फक्त होकार द्यायला.

ऑपरेशननंतर आत्याने एक गंमत सुरू केली. "माझी पोर आता तुझ्याकडे होस्टेलला आहे, छोट्या. खायला-प्यायला नीट घाल. नापास झाली तर तुझ्याकडून वसूल करीन." रोज सकाळी बस इमारतीखाली लावून ती मान बाहेर काढायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी विचारायची, "काय म्हणतेय माझी पोर?" बाबा गॅलरीतून सांगायचे, "मजेत आहे." गल्ली हसायची. सगळ्यात जास्त रेडिओ हसायची.

घरी सोडताना हॉस्पिटलने बाबांना एका अभ्यासात घेतलं होतं. नवीन किडनी बसवलेल्या माणसांची लघवी दर आठवड्याला तपासायची, आणि किडनी दुखावली तर ते रक्ताच्या आधी लघवीत कळतं का ते बघायचं. हॉस्पिटल शाळेच्या समोरच, रस्ता ओलांडला की झालं. डबी पोचवायचं काम रेडिओने स्वतःच अंगावर घेतलं, आणि मैत्रिणींना सांगून टाकलं की आपण लघवी खात्याचे मंत्री आहोत. मैत्रिणी ईऽ म्हणाल्या. मंत्र्याला काही फरक पडला नाही. डबा दप्तराच्या मोठ्या कप्प्यात, डबी बाहेरच्या, आणि मधे भूगोल.

लॅबच्या सरकत्या काचेमागे एक काकू बसायच्या. चष्मा गळ्यात दोरीला, मागे एक यंत्र सतत गरगरत असायचं. पहिल्याच दिवशी रेडिओने त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडलं, आणि काकूही तशाच निघाल्या, उत्तरं देत बसल्या.

"हे बघ, किडनीला मार बसला की तिच्या पेशी एक प्रथिन लघवीत सोडायला लागतात. काही तासांत. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढायला मात्र त्यानंतर एखाद-दुसरा दिवस जातो. म्हणजे रक्त बोंब मारतं ते निम्मं घर जळल्यावर. आम्ही बघतोय, धुराचा वास आधी येतो का."

"येतो?"

"येतो असं दिसतंय. अभ्यास चालू आहे, अजून छातीठोकपणे नाही सांगायचं कुणाला."

रेडिओने ते त्याच दिवशी सगळ्या वर्गाला छातीठोकपणे सांगितलं.

तर अशी सगळी मजा चालली होती, आणि एक दिवस ती शाळा सुटल्यावर सहज काकूंना हात करायला गेली तेव्हा त्यांनी काच पूर्ण सरकवली.

"थांब गं जरा. बाबा हल्ली फार पाणी पितात का?"

"का हो?"

"आजची डबी अगदीच पातळ निघाली. मागच्या आठवड्याचीही जरा तशीच होती. लघवी किती दाट, किती पातळ, तेही आम्ही मोजतो. नाहीतर आकडा ताडून कशाशी बघणार? चहात पाणी ओतलं की साखर कमी लागते, म्हणून साखर कमी घातली होती असं होत नाही. यावरून बरं-वाईट काहीच सांगता येणार नाही. उद्या पुन्हा आण. सकाळची पहिली."

"सांगते," रेडिओ म्हणाली, आणि बसमध्ये चढेपर्यंत विसरलीही. पाणी जास्त पिणं ही काय वाईट गोष्ट आहे? डॉक्टरबाई तर पाणी प्या, पाणी प्या म्हणून मागे लागलेल्या. त्यासाठी बाबांच्या खुर्चीजवळ एक भलीमोठी निळी बाटली ठेवलेली असायची.

घरी आल्यावर तिने दप्तर टाकलं आणि तिची नजर त्याच बाटलीवर गेली. सकाळी तिने स्वतः भरली होती, आणि ती अजून गळ्यापर्यंत भरलेली होती.

"बाबा, पाणी?"

"प्यायलो की. पुन्हा भरली मी."

बाबा दुकानातल्या आईशी फोनवर बोलत होते. ऑपरेशनपासून दुकान आई बघत होती आणि संध्याकाळी असे दोन-तीन फोन ठरलेले. "नाही, त्यात हिरवा नको घालूस, मळेल. पिवळ्याचा थेंब. एकच. उजेडात बघ." फोन ठेवून त्यांनी बाटली उचलली, रेडिओ बघतेय म्हणून एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा असा कसनुसा झाला की जणू कुणी पायावर पाय दिला.

"काय झालं?"

"गार आहे."

पाणी गार नव्हतं. रात्री जेवताना आईसुद्धा म्हणाली, "अहो, तुमचा गाल सुजल्यासारखा वाटतोय." बाबा म्हणाले, उशी रुतली असेल. मग त्यांनी आईला विचारलं की त्या शाळेच्या भिंतीच्या ऑर्डरचं काय झालं, आणि आई दुकानावर बोलायला लागली की थांबत नाही. रेडिओ नेमकी कुणावर गेली होती ते अशा वेळी कळायचं.

सकाळी आई लवकर दुकानात गेली. रेडिओ वेणी घालत घालत बाबांना डबीची आठवण करायला निघाली. बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाबा कपडे करून खिडकीपाशी उभे होते, पाठमोरे. डाव्या हातात नमुन्याची डबी. खिडकीच्या कठड्यावर एक छोटी काचेची बाटली, फिकट पिवळ्या पाण्याने भरलेली. उजव्या हातात दुकानातला ड्रॉपर. ते डबी उजेडात धरत होते, बाटलीकडे बघत होते, नळाच्या पाण्याचे थेंब डबीत टाकत होते, डबी हलवत होते आणि पुन्हा उजेडात धरत होते. टवका जुळवताना उभे राहायचे अगदी तसे, मान किंचित तिरकी.

"बाबा?"

ड्रॉपर हवेत थांबला.

"शेड जुळवतोय," बाबा म्हणाले. आवाज असा, की समोर मुलगी नसून गिऱ्हाईकच उभं आहे.

"कसली?"

"ही बघ." त्यांनी काचेची बाटली दाखवली. "फिकट लिंबू. पहिल्या आठवड्यातली. स्टेनरने बनवून ठेवली, लक्षात राहावी म्हणून. आणि ही आजची. 'जुना मध'च्याही पुढे गेलीय, पितळच झालंय. म्हटलं, जरा जागेवर आणू."

"पाणी घालून?"

"गडद झालं की पातळच करतात ना. तिकडेही मशीनच बघणार. आपल्या दुकानातल्यासारखं."

रेडिओच्या हातातली वेणी सुटली. "बाबा, ते मशीन रंग बघत नाही."

"मग काय बघतं?"

तिने सांगितलं. पेशी, प्रथिन, धूर, चहातली साखर, सगळं. वर्गात सांगताना तिने हातवारे केले होते, इथे तिचे हात खालीच राहिले. बाबा ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसले. डबी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, जशी लहान मुलं गरम दुधाचा पेला धरतात.

"म्हणजे मी दोन आठवडे त्यांना पाणी पाठवत होतो."

"थोडं पाणी, थोडी लघवी," रेडिओ म्हणाली. एरवी हे बोलून ती स्वतःच खिदळली असती. "पण रंग गडद का झाला? पाणी का पीत नाही तुम्ही?"

मग दाताचं बाहेर आलं. डावी दाढ. पाणी लागलं की कळ थेट कानात. त्यावर त्यांनी कपाटातली दुखण्यावरची जुनी गोळी शोधून काढली होती, ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून पडलेली. सकाळी एक, रात्री एक, कधी मधेच एक.

"डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना, न विचारता काहीही घ्यायचं नाही? डोकं दुखलं तरी फोन करा म्हणाल्या होत्या. माझ्यासमोर म्हणाल्या होत्या."

"करणार होतो. दाढ बसली की करणार होतो."

"दाढ बसल्यावर फोन कशाला करायचा?"

बाबा उंबऱ्यावरून उठले. खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरांना कळलं की ताईला कळणार. ती रोज विचारते. मजेत आहे, मजेत आहे, हेच सांगत आलोय. आता काय सांगू? तू पोट फाडून दिलीस, आणि मला साधं एक वर्षही सांभाळता आली नाही?" मग त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि तिच्यापुढे धरली. "आजच्या दिवस ही घेऊन जा. आजपासून पाणी पितो, कळ आली तरी पितो. रंग येईल जागेवर. ताईला बोलू नकोस, बाळा."

बाबा तिला क्वचितच बाळा म्हणायचे. खाली हॉर्न वाजला. मग हॉर्नहून मोठा आवाज आला, "काय म्हणतेय माझी पोर?"

बाबा गॅलरीत गेले. "मजेत आहे," त्यांनी सांगितलं, आणि चेहऱ्याची डावी बाजू गल्लीला दिसू नये म्हणून मान वळवली.

रेडिओची जागा बसमध्ये ठरलेली, आत्याच्या मागच्या सीटवर. तिथून शाळेपर्यंत तिची बडबड चालायची आणि आत्या मधेमधे "हं", "गाढव आहे तो", "मग तू काय म्हणालीस" एवढं म्हणायची. आज पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात डबी होती आणि रेडिओने दप्तर पोटाशी धरलं होतं.

"आज स्टेशन लागत नाहीये का?" आत्या आरशातून म्हणाली.

"घसा दुखतोय."

"घसा? तुझा?" आत्याने आरसा जरा खाली केला. "भांडलीस का कुणाशी?"

"नाही."

"मग कुणी भांडलं तुझ्याशी? नाव सांग, उद्यापासून त्याचा स्टॉप बंद करते."

मागची पोरं हसली. रेडिओने खिडकीबाहेर बघितलं. तिला वाटत होतं की माईक हातात असला की आपण काहीही पटवून देऊ शकतो, कुणालाही. बाबांना पटवता आलं नव्हतं. आणि आता एक साधं वाक्य, मोजून चार-पाच शब्दांचं, तोंडातून निघेना. सांगितलं तर बाबांची मान खाली. नाही सांगितलं तर आत्याची किडनी तिकडे आत, अंधारात, एकटीच कण्हत पडणार, आणि तिचं कण्हणं ऐकणारी एकमेव जागा म्हणजे ती सरकती काच. त्या काचेलाच बाबांनी पाणी पाजलं होतं.

बस शाळेपाशी थांबली. पोरं भसाभसा उतरली. रेडिओ रस्ता ओलांडून सरळ लॅबपाशी गेली. रस्ता ओलांडताना तिने मनात अख्खं भाषण तयार केलं, प्रस्तावनेसकट. काकूंनी काच सरकवली, तिने डबी ठेवली, आणि तोंडातून निघालं ते एवढंच:

"काकू, यात नळाचं पाणी आहे."

काकूंनी चष्मा लावला. डबीकडे नाही, तिच्याकडे बघितलं. "कुणी घातलं?"

मग रेडिओने सगळं सांगितलं. फिकट लिंबू, ड्रॉपर, दाढ, गोळी. काकू मधेच हसतील असं तिला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. गोळीचं नाव ऐकल्यावर तर त्यांनी फोनच उचलला. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज बारीक बारीक येत होता. काकूंनी फोन ठेवला.

"गोळी आत्तापासून बंद. बाबांना लगेच घेऊन ये, दाढेची आणि गोळीची दोन्हीची काळजी घ्यायला हवी. किडनीला पाणी कमी पडलेलं, त्यात ही गोळी, म्हणजे दोन्हीकडून मार. आता रंगबिंग काही करायला सांगू नकोस त्यांना, इथे येऊनच डबी भरू दे. कोण आणेल? आई?"

"आई दुकानात. लांब आहे." रेडिओने रस्त्यापलीकडे बघितलं. शाळेच्या भिंतीला रागावलेलं केळं टेकून उभं होतं, आणि आत्या फडक्याने पुढची काच पुसत होती. "आणेल कोणीतरी," ती म्हणाली.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. फडकं काचेवर फिरतच होतं.

"दात?" ती म्हणाली.

"दाढ."

"दाढेपायी? एवढा मोठा घोडा झालाय, दुकान चालवतो, आणि दाढ दुखते म्हणून सांगता येत नाही? लहानपणी गुडघा फुटला तरी हा असाच, पँट खाली ओढून बसायचा. चल. आत्ता जाते आणि दोन कानाखाली देते. मला का नाही सांगितलं त्याने? मी काय खाणार होते त्याला?"

हा प्रश्न तिने उत्तरासाठी विचारलाच नव्हता. पण रेडिओने उत्तर दिलं.

"तू रोज विचारतेस म्हणून."

फडकं थांबलं.

"गल्लीसमोर विचारतेस. त्यांना वाटतं, रोज परीक्षा आहे. म्हणून ते पास होणारा रंग बनवत होते." तिला वाटलं, आता आपण जास्त बोललो. पण आता बोललोच आहोत तर, "मी पण हसायचे आत्या. माझ्याही लक्षात नाही आलं."

आत्याने फडकं घडी घातलं. पुन्हा उलगडलं. मग ते तसंच डॅशबोर्डवर टाकलं आणि म्हणाली, "चढ आत."

रिकामी शाळेची बस गल्लीत शिरली तेव्हा बाबा जिन्याच्या पायरीवर बसलेले होते, धुतलेला शर्ट घालून. काकूंनी त्यांना फोन केला असावा, किंवा त्यांनीच ओळखलं असावं. त्यांनी रेडिओकडे बघितलं नाही. पोरांच्या बुटक्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. बस निघाली. पहिल्या सिग्नलला आत्या आरशात बघत म्हणाली, "डावी का उजवी?"

"डावी," बाबा म्हणाले.

"खालची?"

"खालची."

"आपल्या बाबांचीही तीच दुखायची," आत्या म्हणाली. एवढंच. पण बाबांचे खांदे जरासे खाली आले, हे रेडिओने मागून पाहिलं.

हॉस्पिटलात बाबांनी डबी स्वतः भरली आणि स्वतः काचेपाशी नेऊन ठेवली. पितळसुद्धा नव्हतं ते आता, त्याहून गडद. ते थोडा वेळ डबीकडे बघत राहिले, गिऱ्हाईकाला रंग पसंत पडणार नाही हे माहीत असल्यासारखे. "रंग बघत नाही ना मशीन?" त्यांनी काकूंना विचारलं.

"नाही. पण मी बघते," काकू म्हणाल्या. "आणि जे आहे तेच दिलंत, बरं केलंत."

रक्तही घेतलं. दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्या बोलताना पलंगाच्या कडेवर टेकायच्या, ही त्यांची सवय रेडिओला आवडायची, आज आवडली नाही. कारण टेकून बोलायचं म्हणजे बरंच बोलायचं असणार.

"रक्त अजून शहाण्यासारखं वागतंय," त्या म्हणाल्या. "क्रिएटिनिन जवळजवळ तुमच्या नेहमीच्या जागी आहे. नुसतं तेच बघितलं असतं तर मीही तुम्हाला घरी पाठवलं असतं. लघवीतला आकडा मात्र चांगलाच वर गेलाय. किडनी दुखावलीय. बाकीच्या औषधांची पातळीही बघायला घेतलीय, सोनोग्राफी करू, आणि सलाईन आत्ता लावतो. दाताचे डॉक्टर इथेच येतील, मला विचारून औषध देतील. काही दिवस मुक्काम करा."

"परत पहिल्यासारखी होईल?" हे बाबांनी विचारायला हवं होतं, पण विचारलं आत्याने.

"वेळेत कळलंय. बहुतेक होईल. खात्री मी देत नाही."

त्या गेल्यावर खोलीत सलाईनचा थेंब तेवढा पडत राहिला. स्टेनरच्या थेंबासारखा, एकेक. आत्या खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

"ताई," बाबा म्हणाले, "तुझी पोर नाही सांभाळता आली मला."

"गंमत करत होते रे मी."

"माहीत आहे."

"मग?"

"गंमत रोज सकाळी यायची, ताई."

आत्या वळली. रेडिओला वाटलं, आता कानाखाली. पण आत्या येऊन स्टुलावर बसली, आणि तिचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे रेडिओला त्या दिवशी कळलं. "मी का विचारायचे माहीत आहे? मलाच भीती वाटायची. मला वाटायचं, माझीच काहीतरी कमअस्सल निघाली तर? उजवी द्यायला हवी होती की काय. तू मजेत आहे म्हणालास की मला दिवसभर बस चालवता यायची." तिने नाक ओढलं. "आता ऐक. ती पोरबीर काही नाही. दिली ती दिली. तुझी आहे. ती रुसली, आजारी पडली, काही झालं तरी तुझी. मला तिचा निकाल दाखवायला यायचं नाही. दाढ दुखली तर मात्र दाढेचं सांगायचं."

"सांगतो."

"आत्ता दुखतेय?"

बाबांनी विचार केला. "खूप," ते म्हणाले. आणि सकाळपासून पहिल्यांदा रेडिओकडे बघून म्हणाले, "आणि तू, काय गं? स्टेशन बंद ठेवायला सांगितलं होतं ना?"

"बटणच सापडलं नाही," रेडिओ म्हणाली. मग तिला रडू आलं, आणि आत्याने गडबडीत तिला बस पुसायचं फडकं दिलं.

दाढ निघाली. बाबा घरी आले. निळी बाटली दिवसातून खरोखरच रिकामी व्हायला लागली आणि आईने ती स्वतः मोजूनमापून भरायला घेतली, वर या सगळ्यात मला शेवटी सांगितलं म्हणून घरात दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. काचेच्या बाटलीतली फिकट लिंबू बाबांनी बेसिनमध्ये ओतून दिली.

पुढच्या डबीच्या सकाळी बाबांनी ती उजेडात धरलीच, सवय कुठली जायला. "आज काय?" रेडिओने विचारलं.

"ओलं गवत," बाबा म्हणाले. "वाळायच्या बेतातलं." आणि तशीच तिच्या हातात दिली.

खाली बस येऊन थांबली. हॉर्न वाजला. आत्याने मान बाहेर काढली, गॅलरीत उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाली, "जेवलास का?" सकाळचे सात वाजले होते. गल्ली हसली.

"अजून नाही, ताई," बाबा म्हणाले, आणि तेही हसले. दोन्ही गालांनी.

काकूंनी निकाल दुसऱ्या दिवशी दिला. रेडिओ शाळा सुटल्यावर धावत जाऊन घेऊन आली आणि बसमध्ये आपल्या जागेवर बसली. आत्याने गाडी सुरू केली. गिअर टाकला. आरसा नीट केला, जो आधीच नीट होता. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "भूगोलाची चाचणी कशी गेली?"

"बरी."

"हं. आणि त्या गाढवाने तुझी कंपासपेटी परत दिली?"

"दिली."

"बरं झालं." आत्याची बोटं स्टिअरिंगवर टकटक करत होती. "आज ऊन जास्त आहे, नाही?"

"आत्या," रेडिओ म्हणाली, "आकडा खाली आलाय. बराच. अजून पूर्ण नाही, पण काकू म्हणाल्या, उतरतोय."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. ऊन जास्त आहे म्हणालीस, म्हणून आठवलं."

आत्याने सरळ पुढे बघितलं. पुढचा रस्ता अगदी रिकामा होता, एक कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी तिने हॉर्न वाजवला, आणि बराच वेळ वाजवत राहिली.